दोघींच्या मधला तहानलेला

पुष्कळ वर्षांपूर्वी एका राज्यात एक राणी राज्य करत होती. ज्या घरी माणूस अंथरुणाला खिळला असेल, त्या घरी रोज सकाळी एक शिकलेली सेविका जाईल, असा तिने नियम केला होता.

त्या राज्यातल्या एका गावात बाळप्पा नावाचा विणकर होता. एका पहाटे त्याचं उजवं अंग लुळं पडलं आणि वाचा गेली. त्याची बायको गिरिजा त्याचं सगळं करू लागली. महिन्याभरात तिची कंबर धरली. मग तिने चावडीवर कळवलं, आणि नियमाप्रमाणे कौसा नावाची सेविका त्यांच्याकडे येऊ लागली. सात वर्षं वैद्याच्या हाताखाली शिकलेली, कामात चोख.

पहिल्याच दिवशी ती म्हणाली, "मावशी, तुम्ही ओसरीवर बसा. मधे मधे केलंत तर मला सुचत नाही."

गिरिजाला ते लागलं. तीस वर्षांचा संसार, आणि कालची पोर आपल्याच नवऱ्याच्या खाटेपासून आपल्याला उठवते! पण ती बोलली नाही. कौसा गेली की ती आत यायची, कौसाने लावलेल्या उशा काढून टाकायची आणि आपल्या पद्धतीने नवऱ्याला निजवायची. दुसऱ्या दिवशी कौसा पुन्हा उशा लावायची. तीही बोलायची नाही.

उन्हाळा चढला. एके सकाळी कौसाने पाहिलं, तर बाळप्पाचा उजवा खांदा सुजलेला, अंग तापलेलं, डोळे खोल गेलेले.

"मावशी, काय केलंत तुम्ही यांना?"

"मी? रोज सकाळी दार लावून तू काय करतेस, ते तू सांग!"

कौसाने वैद्यांना बोलावणं धाडलं. म्हातारे वैद्य आले. त्यांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली आणि विचारलं, "यांना दिवसभरात पाणी कोण पाजतं?"

"मावशी पाजतात," कौसा म्हणाली.

"म्हणजे? तू पाजत नाहीस?" गिरिजा म्हणाली. "मला वाटलं, सकाळीच पोटभर पाजून जातेस. मी आपली जेवणाबरोबर दोन घोट देते. जास्त दिलं आणि अंथरूण ओलं झालं तर तुझा राग."

वैद्य कोणालाच रागावले नाहीत. "दोन माणसं राबतायत आणि मधला माणूस तहानेने सुकतोय," एवढंच म्हणाले आणि पाणी मागवलं.

दोघी खाटेच्या दोन बाजूंना बसून चमच्याने पाणी पाजू लागल्या. बऱ्याच वेळाने गिरिजा म्हणाली, "ते डाव्या हाताची बोटं अंथरुणावर घासतात ना, तेव्हा त्यांना तहान लागलेली असते."

कौसाचा चमचा थांबला. "मला वाटायचं, हाताला खाज सुटलीय. मी हात पुसून द्यायचे."

थोड्या वेळाने ती हळूच म्हणाली, "मावशी, लुळा हात ओढून उठवू नका. खांदा निखळतो. त्याला आधार मिळावा म्हणून तर उशा लावत होते."

"मग कसं उठवू? मला कोणी दाखवलंय का?"

"माझंच चुकलं. दाखवायला हवं होतं." कौसाने तिचा हात धरून बाळप्पाच्या पाठीखाली नेला. "असा. आणि गुडघे वाकवा, म्हणजे तुमची कंबरही दुखणार नाही."

त्या दिवसापासून कौसा आली की गिरिजा आत बसून मागच्या दिवसाचं सगळं सांगायची. निघताना कौसा पुढचं सांगायची. कधी वादही व्हायचे, पण ते खाटेजवळ, तोंडावर व्हायचे.

चार दिवसांत ताप उतरला. खांदा बरा व्हायला दोन महिने लागले. बाळप्पा पुन्हा चालला नाही, मागावरही बसला नाही. पण तो आणखी सहा वर्षं जगला, आणि पडून पडून होते तशी एकही जखम त्याच्या पाठीवर झाली नाही. तो गेला तेव्हा शेवटची अंघोळ दोघींनी मिळून घातली.

तात्पर्य : घरच्याची माया आणि शिकलेल्याचं ज्ञान एकमेकांशी बोललं, तरच ते आजाऱ्यापर्यंत पोहोचतं.