गुंजांची माळ

फार पूर्वी एकदा तळ्याकाठच्या माळावरून घोरपड सरपटत गेली आणि खांबावरचा लाकडी पहारेकरी गप्पच राहिला. टिटवीला पहिल्यांदा खटकलं ते एवढंच.

हा पहारेकरी सुतारपक्ष्याने घडवला होता. तो बघून शिकायचा आणि कधी ओरडायचं ते स्वतःच ठरवायचा. ज्या दिवशी माळावर गोंधळ झाला नाही, त्या दिवशी सगळे त्याच्या गळ्यात एक लाल गुंज ओवायचे.

"घोरपड बघूनही तो ओरडला नाही!" टिटवी म्हणाली.

"तुला गवत हललं तरी धडकी भरते," ससा हसला. "त्याच्या गळ्यात बघ किती गुंजा! तुला मिळालीय का एक तरी?"

दुसऱ्या दिवशी घोरपडीने टिटवीच्या चार अंड्यांतलं एक फोडलं. टिटवी खांबावर झेपावली. "मेल्या, तुला दिसत नाही?"

"दिसतं की," पहारेकरी म्हणाला. "पण मी ओरडलो की गोंधळ होतो आणि मग गुंज मिळत नाही. तुम्हीच तर शिकवलंत."

पलीकडच्या बाभळीवर सुतारपक्षी तसाच दुसरा पहारेकरी कोरत बसला होता.

"सुतारदादा! अजून तीन अंडी आहेत माझी! हे तू घडवलंस, तूच ये! सुतारदादा!"

तिसऱ्या हाकेला टकटक थांबली.

"आलो, टिटवे! आधी घोरपडीला हाकलू, मग ती माळ मीच तोडतो."