गोदूमावशीची चाल

आपला मजकूर शाबूत आहे, असं गोदूमावशी घसा फोडून सांगत होती, पण तिचं कोणी खरं मानेना. फार वर्षांमागे एका छापखान्यात ती जुनी वर्ड प्रोसेसर, म्हणजे मजकूर टाइप करून साठवणारं यंत्र, होती. तिच्या पोटातला मजकूर वायरीतून दिमाखराव नावाच्या नव्या संगणकात उतरवायचा होता. त्याच्या पडद्यावर मात्र नुसते चौकोन उमटले.

"म्हातारी बरळते," दिमाखराव म्हणाला. "हिला भंगारात घाला."

"मेल्या, मी सावकाश सांगते आणि तू घाईने ऐकतोस. आधी माझ्या चालीवर ये."

दिमाखरावाने कुरकुरत वेग उतरवला. ओळीन् ओळ जशीच्या तशी आली. मावशी खुशीत गुणगुणू लागली.

"आता भंगारात कोणाला घालायचं गं?" तिने वायरीला विचारलं.

वायर हसून म्हणाली, "दिमाखरावाला."