एकसष्ट ते चौसष्ट मीटर

“लांजेवार सरांनी चाळीस वर्षं कोसमटोल्याचा डोंगर दडवून ठेवला, आणि त्याच्या बदल्यात...”

तेवढ्यात गिरणीवाल्याने पट्टा चढवला आणि कावळेबाईंचं पुढचं बोलणं घरघरीत गेलं.

मी दोनदा ओरडून विचारलं, “बदल्यात काय?” त्यांनी हातानेच ‘नंतर’ म्हटलं. त्यांचा जावई दगडमाती तपासणाऱ्या सरकारी ऑफिसात कारकून आहे, म्हणून बाईंना सगळं आधी कळतं.

सर आमच्या शेजारी राहतात. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, एकटे. अर्धं आयुष्य जंगलात खनिजं शोधली, पुढे कॉलेजात तेच शिकवलं. अंगणात वाळत घातलेला माझा पापडसुद्धा कधी विचारल्याशिवाय उचलला नाही. हा माणूस डोंगर दडवेल?

पीठ घरी टाकलं, वाटीभर पाटवडीचा रस्सा घेतला आणि सरांकडे गेले. रस्सा निमित्त होता, कबूल करते.

आत एक बाई बसली होती. मांडीवर जाड फाइल. मी लगेच ओळखलं. मागच्या आठवड्यात पेपरात फोटो आला होता. डॉ. तेजस्विनी भोयर, सरांची जुनी विद्यार्थिनी. विजेच्या गाड्यांच्या बॅटरीला लागणारं लिथियम आपल्याकडे कुठे आहे, ते शोधणाऱ्या मोठ्या संशोधनाची प्रमुख.

“मी नंतर येऊ का?” मी विचारलं आणि खुर्ची ओढली.

“बसा वहिनी,” सर म्हणाले. “भोयर, बोल तू. यांना बाहेर काढलं तरी खिडकीतून ऐकतील. त्यापेक्षा बसू दे.”

भोयर हसली नाही.

“सर, सापडलं. कोसमटोल्याच्या डोंगरात. सोमवारी अहवाल जातो.”

“किती खोल?”

“एकसष्ट ते चौसष्ट मीटर.”

सरांनी चष्मा काढला. पुसला. परत घातला नाही.

“धूर न सोडणाऱ्या गाड्या, दिवसाची सूर्याची वीज रात्रीपर्यंत साठवणं, सगळं यावर चालणार आहे, सर. लोक परदेशातून फोन करून राहिलेत. इतकी वर्षं सगळे म्हणायचे, भोयरबाई दगड चाटत फिरते...”

“अभिनंदन.”

“सर, त्याच डोंगरावर तुम्ही चाळीस वर्षांपूर्वी बोअर घेतलं होतं.”

“घेतलं होतं.”

“आमच्यापासून दहा पावलांवर.”

“आठ,” सर म्हणाले. “पेपरातल्या फोटोत मोजली.”

“तुमच्या पेट्या अजून गोदामात आहेत. मी उघडल्या.”

या पेट्यांचं मला सरांनीच एकदा सांगितलं होतं. पोकळ नळी जमिनीत फिरवत नेली की आत दगडाची कांडी शिरते. तिला ते कोअर म्हणतात. ती वर काढायची आणि लांब पेटीत मीटरवार मांडून ठेवायची. जिथली कांडी हाती आली नाही तिथे लाकडाचा ठोकळा ठेवायचा आणि वर लिहायचं, मिळाली नाही. रिकामी जागा सरकवून बुजवायची नाही. तो मोठा गुन्हा.

“एकसष्ट ते चौसष्टला ठोकळा आहे,” भोयर म्हणाली. “अक्षर तुमचं.”

“मग नसेल मिळाली कोअर.”

“सर...”

सर हातातल्या चष्म्याच्या काड्या मिटू लागले.

“वरची कांडी अखंड आहे. खालची अखंड आहे. इतका टणक दगड मधेच तीन मीटर हरवत नाही. हे मला कोणी शिकवलं? पहिल्या वर्षी मी चुकीच्या जागी ठोकळा ठेवला, तर सगळ्या वर्गासमोर उन्हात उभं केलं होतं तुम्ही.”

“चक्कर आली होती तुला.”

“आली होती. पण पुन्हा चुकले नाही.” तिने आवाज खाली आणला. “ऑफिसात लोक काहीबाही बोलून राहिलेत, सर.”

मी पुढे सरकले. “काय बोलतात?” रश्शाची वाटी अजून माझ्या हातातच होती.

“हेच की सरांना तेव्हाच सापडलं होतं. कोणासाठी तरी राखून ठेवलं. मी सगळ्यांची तोंडं बंद केली, काकू. अहवालात स्पष्ट लिहिलंय, जुनी नोंद विश्वासार्ह आहे, कोअर मिळाली नव्हती. विषय संपला.” ती सरांकडे वळली. “आणि हे पहिलं पान. तुम्हाला दाखवायला म्हणून आले.”

सरांनी पान डोळ्यांजवळ धरलं आणि मोठ्याने वाचलं.

“‘दगडाशी खोटं बोलू नये हे शिकवणाऱ्या माझ्या गुरूंना...’”

सरांनी फाइल मिटली.

“भोयरबाई, हार घालायची फार घाई झाली तुम्हाला.”

सर उठले. गुडघा धरून पायऱ्या उतरले आणि अंगणात गेले. आम्ही दोघी मागे. सदाफुलीच्या वाफ्याला दगडाच्या गोल कांड्यांची कड आहे. त्यातली एक त्यांनी हलवून उपसली, माती झटकली, आणि लहान पोराने गोळी चाटावी तशी जिभेने ओली केली.

उन्हात धरली. जांभळट पापुद्रे लखलखले.

सर मुलीकडे गेले की त्या वाफ्याला मी पाणी घालते. अकरा वर्षं घालते. मला बापडीला वाटायचं, फरशीवाल्याकडचे उरलेले तुकडे आहेत.

“मोज, तीन मीटर भरतील,” सर म्हणाले.

भोयरने वाफ्याच्या कडेवरून नजर फिरवली. इकडून तिकडे. मोजलं नाही तिने.

“का, सर?”

“डोंगराच्या पायथ्याशी अठरा घरं होती. एक झरा होता. त्यांचं पाणी तिथलं, आमच्या तंबूचं तिथलं, ड्रिलचंही तिथलंच. एकसष्ट मीटरला हे निघालं. मी नाचलो. एकटाच. तेव्हा कोणाला याचं काही पडलं नव्हतं, पण मला दिसत होतं, एक दिवस पडेल.”

“मग?”

“एकाहत्तर मीटरला, ड्रिल थंड ठेवायला सोडलेलं पाणी भसकन आत गेलं. दुसऱ्या दिवशी झरा गढूळ. आठव्या दिवशी कोरडा.”

“एका बोअरने?”

“एका. वरून पाहिलं तर माझी मूठही आत जात नव्हती. खाली पाण्याला कुठे वाट फुटली, कोणास ठाऊक.” सर कांडीवर अंगठा फिरवत होते. “ठरवलं, इथे पुन्हा मशीन येऊ द्यायचं नाही. कांड्या झोळीत भरल्या आणि पेटीत ठोकळा ठेवला.”

भोयरचे डोळे भरले. “म्हणजे गाव वाचवायला तुम्ही... सर, मग याच्यात लपवायचं काय आहे? हे तर मी अभिमानाने...”

“गाव दोन उन्हाळ्यांत उठलं.”

“सगळं?”

“अठराही घरं. झरा परत आलाच नाही.”

मी वाटी पायरीवर ठेवली. माझ्या तोंडून नुसतं “अगं बाई” निघालं.

“झऱ्याचं मी कुठे लिहिलंय?” सरांनी विचारलं.

“कुठेच नाही, सर. तुमची बोअरची सगळी वही पाहिली.”

“लिहिलं असतं तर चौकशी झाली असती. नोकरी गेली असती. चाळीस वर्षं मी स्वतःला सांगतो, ते खोटं डोंगरासाठी लिहिलं. त्यातलं माझ्यासाठी किती होतं, ते सांगत नाही.”

कावळेबाईंचं अर्धं खरं होतं तर. दडवलं होतं. बदल्यातही काहीतरी मिळालं होतं, नोकरी टिकली होती. पण ते देणारा कोणी नव्हता. मला वाटलं होतं, हे कळलं की जिवाला बरं वाटेल. नाही वाटलं.

“डोंगराच्या पलीकडे आता कोण राहतं?” सरांनी विचारलं.

“मुरुमटोला. बावीस घरं.”

“पाणी?”

भोयरने मान खाली घातली. “झऱ्याचं.”

“अहवालात पाण्याच्या रकान्यात काय लिहिलंस?”

“...धोका नाही. जुन्या नोंदीवरून.”

“कोणाच्या?”

ती एकदम उसळून म्हणाली, “हे लिहिलं तर पाण्याची तपासणी होईपर्यंत सगळं थांबेल. दोन वर्षं, तीन वर्षं. मला काढतील. माझं सोडा. तुम्हाला खोटारडे म्हणतील, सर. तुम्ही तपासलेला एकेक डोंगर पुन्हा उकरतील.”

“उकरू दे.”

“आणि गाड्यांचा धूर? तोही माणसंच मारतो ना? हे खनिज बाहेर यायलाच पाहिजे.”

“यावं की. मी कुठे अडवतो?” सर म्हणाले. “एकदा अडवलं होतं. काय झालं ते आत्ताच सांगितलं.”

वाफ्यातली ती रिकामी जागा तेवढी उघडी दिसत होती. भोयरने तिच्याकडे पाहिलं आणि काखेतली फाइल उघडली. मी म्हटलं, “बाई, उभ्याने काहून लिहिता? आत चला.”

ती आत आली. पहिलं पान सोडवलं. मला वाटलं फाडेल. तिने ते चार घड्या घालून पर्समध्ये ठेवलं. मग पेन काढलं.

“सांगा.”

“तूच लिही. तुला येतं.”

ती लिहीत गेली आणि लिहिलेलं वाचत गेली. “एकसष्ट ते चौसष्ट मीटर. कोअर मिळाली होती. भूवैज्ञानिकाने पेटीतून काढून घेतली.”

“भूवैज्ञानिकाला नाव असतं, भोयर.”

पेन थांबलं.

“सर, नका ना...”

“चक्कर येते का?”

“नाही.”

“मग लिही.”

“दामोदर गोविंदराव लांजेवार,” ती म्हणाली. आवाज फुटला होता तिचा, पण अक्षर नीट आलं. मी वाकून पाहिलं. पुढच्या पानावर तिने ‘धोका नाही’वर एक सरळ रेघ मारली. “बोअर एकाहत्तर मीटरला गेल्यावर आठ दिवसांत पायथ्याचा झरा आटला. अठरा घरं उठली.” तिने डोळे पुसले. “झऱ्याचं नाव काय लिहू, सर? नकाशात नाहीये.”

सर खिडकीतून बाहेर पाहत होते.

“नाव असणारच,” मी म्हटलं. “बाया रोज पाण्याला जायच्या ना? नावाशिवाय कशा जातील? आठवा बरं, सर.”

सरांनी ओठ हलवले. आम्ही दोघी थांबलो.

“चार महिने ते पाणी प्यालो,” सर म्हणाले. “विचारलंच नाही.”