एक कप, दोन हात

"आवाज चढवला की स्वच्छ येतो. मग हळू गाताना का फाटतो?"

निवृत्तीने विचारलं खरं, पण दोष आपल्या ॲम्प्लिफायरच्या पेटीत असेल हे त्याच्या मनाला शिवलं नव्हतं.

मिरजेच्या दस्तगीर उस्तादांकडे तो ॲम्प्लिफायर बांधायला शिकला. उस्तादांच्या पेटीचा सूर निर्मळ, पण गाणं नसतानाही ती तापायची. बॅटरी तासाभरात खलास. निवृत्ती हसायचा, "उस्ताद, गाणं ऐकायचं की भाकरी भाजायची?"

मग त्याने आपली पेटी बांधली. त्यात दोन ट्रान्झिस्टर. आवाजाच्या लाटेचा वरचा अर्धा भाग एकाने उचलायचा, खालचा दुसऱ्याने. ज्याची पाळी नाही, तो पूर्ण बंद. पेटी गार, बॅटरी रात्रभर पुरणार.

आज उरुसात मुनव्वरबाई गाणार होत्या. दर्ग्यामागच्या माळावर वीज नव्हती. पेटी कसोटीला उतरली तर निवृत्तीला दुकान टाकायची परवानगी. नाहीतर उस्तादांकडेच...

दुपारी बाईंनी आवाज लावून पाहिला. म्हातारा, मऊ आवाज. कर्ण्यातून कागद फाटल्यासारखा आला.

निवृत्तीच्या प्रश्नाला उत्तर म्हणून उस्तादांनी काठोकाठ भरलेला चहाचा कप पुढे केला. निवृत्तीची बोटं लागतात न लागतात तोच सोडून दिला.

चहा मांडीवर सांडला.

"उस्ताद, मी धरला तरी होता का?"

"माझं काम संपलं होतं."

त्यांनी दुसरा कप भरला. निवृत्तीने तो धरला, तरी उस्तादांनी सोडला नाही. क्षणभर कप दोघांच्याही हातात राहिला. मग उस्तादांची बोटं सावकाश सुटली. थेंब सांडला नाही.

कपाकडे बघता बघता निवृत्तीला उमगलं: एक ट्रान्झिस्टर सुटून दुसरा धरेपर्यंत लाट कुणाच्याच हातात नसते; मोठ्या आवाजात ती फट लपते, हळू आवाजात तीच ऐकू येते. चहा तसाच ठेवून त्याने पेटी उघडली, दोन डायोड जोडले. त्यामुळे आता गाणं नसतानाही दोन्ही ट्रान्झिस्टरमधून थोडी वीज वाहत राहणार होती. एकाने सोडण्याआधी दुसऱ्याने धरलेलं असणार होतं.

बाईंनी पुन्हा आलाप घेतला. मध्येच थांबल्या, पुन्हा उचलला. कुठे चरा नाही.

निवृत्तीचा जीव भांड्यात पडला.

"टाक दुकान," उस्ताद म्हणाले.

निवृत्तीने पेटीच्या झाकणावर हात ठेवला. कोमट लागलं.

"पण उस्ताद, बाई गप्प असतानाही ही थोडी वीज खाते. तेवढी वायाच ना?"

"मघाशी बाई मध्ये थांबल्या..."

"हो."

"तेव्हा त्यांनी श्वास घेतला. तो वाया गेला म्हणतोस?"