उंच पाट्यांची जीप

डोंगरात गाडीवाटा नुकत्याच पडू लागल्या होत्या, तेव्हाची ही गोष्ट. एक जीप वरच्या तळावरच्या माणसांना पाणी पोचवायची. टपावर तंबू, आत अवजारांच्या पेट्या, मागे पाण्याच्या टाक्या. एवढ्या भाराने तिचं पोट दगडांना घासायचं. ती चाकांवर भार झेलणाऱ्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्यांवर चिडली, "तुमच्यात दमच नाही. मी उंच पाटे बसवून घेणार!"

"खुशाल घे," जुना पाटा म्हणाला, "पण गॅरेजला जाताना सगळं लादून जा."

जीपला ते कसंसंच वाटलं. लग्नाला निघाल्यासारखी ती सामान उतरवून, अंग धुऊन गेली.

इब्राहिम मिस्त्रीने तिच्याभोवती फेरी मारून विचारलं, "वजन एवढंच असतं ना?"

"एवढंच," जीप म्हणाली.

मिस्त्रीने तेवढ्याच हलक्या वजनाला पुरतील असे फळीवरचे उंच, मऊ पाटे काढून बसवले. जीप ऐटीत परतली.

सकाळी सामान चढलं, टाक्या भरल्या आणि पहिल्याच चढावर तिचं पोट दगडावर टेकलं. पाणी वाटेतच अडकलं.

"तुम्हीही तसलेच!" ती ओरडली.

भाराखाली वाकलेले नवे पाटे हळूच म्हणाले, "बाई, मिस्त्रीने विचारलं तेव्हा फळीवरून आम्हीही ऐकत होतो. तू म्हणालीस, एवढंच."