लखूचा उगारलेला हात

प्रवरेकाठच्या भोकरवाडीत त्या काळी शांतवन महाराज राहत असत. प्रभू येशूचे नाव गात, एकतारी वाजवीत ते आयुष्यभर गावोगाव फिरले आणि उतारवयात येथे स्थिरावले. गावच्या ख्रिस्ती मंडळीचे पंच होते शमुवेलराव. प्रार्थनामंदिर त्यांच्या आजोबांनी बांधलेले, निम्मे पवित्र शास्त्र त्यांना मुखोद्गत! आपल्यावाचून मंडळीचे पान हलत नाही, असा त्यांचा पक्का समज होता.

त्यांच्या डोळ्यांत सलत होता लखू पाथरवट. बाप्तिस्मा घेऊन वर्षे लोटली, पण गड्याचा राग काही जाईना. आज शिवीगाळ, उद्या हाणामारी, आणि रविवारी सर्वांसमोर उभे राहून रडतरडत कबुली. लोक तोंड फिरवून हसत.

"कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं ते वाकडंच," शमुवेलराव म्हणत. "मंडळीतून याचं नाव काढून टाका."

महाराज दर वेळी सांगत, अजून थोडे थांबू. म्हाताऱ्याला माणसांची पारख नाही, असे पंचांनी मनोमन ठरवून टाकले.

कापणीच्या सणाला लखूने आपल्या तुकड्यातली जोंधळ्याची पहिली कणसे आणली. आज सोक्षमोक्ष लावायचाच, या हट्टाने शमुवेलराव पुढे झाले. भांडखोराचे दान देवाला नको म्हणत त्यांनी कणसे उधळली आणि भर मंडळीत लखूच्या कानशिलात लगावली.

मांडवाला ऊस बांधणाऱ्यांचा कोयता जवळच पडला होता. लखूने तो उचलून उगारला. महाराजांनी त्याला आवरावे म्हणून बायका ओरडू लागल्या, पण महाराज उठले नाहीत. डोळे मिटून, हात जोडून बसून राहिले. शमुवेलरावांनी दोन्ही हातांनी आपले डोके झाकले. एवढे शास्त्र पाठ, पण त्या घडीला एक वचन ओठांवर येईना.

आणि काय देवाची करणी! उगारलेला हात हवेतच थांबला. कोयता खाली पडला, आणि लखू वाकून मुकाट्याने कणसे वेचू लागला. त्याच्या मनगटावर पाच बोटांचे वळ उठले होते. जवळ तर शमुवेलरावांखेरीज कोणीच नव्हते.

"म्हाराज, माझा हात तुमीच धरला व्हता ना?" लखूने विचारले.

"मी नाही रे बाबा. प्रभू धरणार हे ठाऊक होतं. मी नुसती वाट पाहत होतो."

धन्य तो लखू! असा माणूस आपल्या गावात होऊन गेला, हे भोकरवाडी आजही छाती फुगवून सांगते.

शमुवेलराव मात्र लाजेने काळेठिक्कर पडले होते. महाराजांचे पाय धरायला ते धावले. महाराजांनी त्यांना मध्येच अडवून लखूकडे वळवले. तेव्हा पंचांनी सर्वांदेखत त्या पाथरवटाच्या धुळीने माखलेल्या पायांवर डोके ठेवले आणि हुंदके देत म्हणाले, "माझंच नाव काढा, महाराज."

महाराजांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

"कसं काढू, शमुवेलराव? तुमचीही वाट पाहतच होतो की. लखूपेक्षा तुम्हीच जास्त उशीर केलात."