कड्यात राहिलेली हाक

तळवडीच्या वरचा हा हाकेचा कडा. पाहुणे येतात, आपापलं नाव घेऊन ओरडतात, आणि कडा ते परत देतो. पण जरा थांबून, म्हाताऱ्या बाईच्या आवाजात. आमच्या लहानपणी करवंदांनी जांभळी झालेली तोंडं घेऊन आम्ही इथे ओरडत बसायचो आणि गुरं खुशाल दुसऱ्याच्या शेतात. काय दिवस होते ते! त्याच्याही फार आधी हा कडा मुका होता, असं सांगतात.

खाली चंद्राक्का नावाची विधवा राहायची म्हणे. तिची मुलं पाळण्यातच जायची. नवऱ्यामागं शेवटचं मूल झालं तेव्हा तिनं कडजाई देवीला नवस केला, "ह्याला दगडू म्हणीन, दुसऱ्या नावानं कधी हाक मारणार न्हाई. एवढं जगू दे." नाव ओबडधोबड असलं की मरणाची नजर पडत नाही, असा तेव्हाचा समज. दगडू जगला.

पण मिसरूड फुटायच्या वयात तो "आलो" म्हणायचं सोडून "आले" म्हणू लागला. एके दिवशी आईचं जुनं लुगडं नेसून चूल सारवायला बसला आणि म्हणाला, "आई, मी दगडू न्हाई. मला शेवंता म्हण." इथून पुढे गोष्टीत तिला शेवंताच म्हणायचं, अशी गावाची रीत आहे.

तेव्हाचं गाव मात्र हसलं. गावाचं काय, उचलली जीभ लावली टाळ्याला. चंद्राक्काला लाज वाटली नाही, तिला भीती वाटली. नाव बदललं आणि देवीनं पोर नेलं तर? ही भीती बोलून दाखवायचीही तिला धास्ती. ती "दगडू"च म्हणत राहिली. शेवटी शेवंता जोगतिणींच्या मेळ्याबरोबर कडा ओलांडून निघाली. जाताना म्हणाली, "शेवंता म्हणून हाक मार, असंन तिथनं येईन."

चंद्राक्का रोज कड्यावर जाऊन ओरडायची, "दगडूऽऽ!" कडा गप्प. वर्षं गेली, तिचे गुडघे गेले. नवस पाळलाय म्हणजे पोर जगलंय, एवढ्यावर तिनं मन घट्ट केलं होतं. पण आईच्या हाकेवाचून ते कसं जगत असेल, या विचारानं तिला घास गिळवेना.

एका संध्याकाळी ती देवीपुढे बसली. "आये, तुला दिल्याला शबुद मी मोडते. काय न्यायचं ते माझं ने, माझ्या लेकीचं न्हाई." लेक हा शब्द तिनं पहिल्यांदाच उच्चारला. मग कड्यावर उभी राहून, सगळा जीव गोळा करून ती ओरडली, "शेवंताऽऽ! ये गं माझे बाय!" मुका कडा घुमला. हाक डोंगरामागून डोंगर ओलांडत गेली, म्हणे.

भातकापणीच्या आतच शेवंता पायवाटेनं येताना दिसली. "आले गं आई." चंद्राक्कानं तोंड उघडलं, पण आवाज फुटला नाही. देवीनं तेवढाच घेतला होता आणि कड्यात ठेवला होता. तिनं लेकीच्या कानाशी तोंड नेलं आणि नुसते ओठ हलवले. शेवंता रडत म्हणाली, "ऐकू आलं."

आजही तळवडीत पोरं जाणती झाली की दुसरं बारसं होतं, घुगऱ्या वाटतात. पहिलं नाव आत्या ठेवते, या वेळी आई विचारते, "काय म्हणू तुला?" बहुतेक जण जुनंच नाव सांगतात, एखादं पोर वेगळं सांगतं. कुणी हसत नाही. आई त्याच्या कानाशी वाकते आणि आवाज न करता ते नाव घेते. पोरानं म्हणायचं, "ऐकू आलं."